थरथरतं बोट

बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरात, एका छोट्या कंपनीत इवायला एका औषधदुकानाची वेबसाइट तयार करत होती. तिचा हात लहानपणापासून थरथरायचा. फोनवर ‘विकत घ्या’ दाबायला गेली की बोट जरासं घसरायचं आणि ब्राउझरला वाटायचं, हिला पान सरकवायचंय. बटण काही दाबलं जायचं नाही.

बोट थोडं हललं तरी ते दाबणंच समजावं, अशी दुरुस्ती तिने केली. तिचा साहेब क्रासेन याने ती काढून टाकली. “त्या दुरुस्तीमुळे पान सरकवताना अडखळतं गं. आणि असे हात असतात तरी किती जणांचे?”

दुकानाच्या मालकीण स्टोयानोवाबाई साइट बघायला आल्या, तेव्हा इवायलाने फोन स्वतःच उचलला. सगळ्यांदेखत बटण दाबलं. पान सरकलं. पुन्हा दाबलं, पुन्हा सरकलं. तिचे कान तापले, पण तिने हात लपवला नाही.

“आण इकडे, मी दाखवतो,” क्रासेन घाईने म्हणाला.

“नको. आजारी माणसाच्या घरी तू जाणार आहेस का बटण दाबून द्यायला?”

स्टोयानोवाबाई चपापल्या. इवायलाने लॅपटॉप ओढला आणि तिथल्या तिथे दुरुस्ती परत घातली. मग फोनवर पुन्हा बोट टेकवलं. या वेळी बटण पहिल्याच फटक्यात दाबलं गेलं.

“मी काढून टाकीन ते,” क्रासेन पुटपुटला.

“काढ ना. मी परत घालीन.”

आठवडाभर तो तिच्याशी धड बोलला नाही. दुरुस्तीला मात्र त्याने हात लावला नाही.