कसर की उंदीर

सन १९०८च्या शरदात, नारीन नदीच्या वरच्या खोऱ्यात, मयत मेंढपाळ चिचकान याच्या वर्षाच्या भोजनासाठी तंबूवर घालायचा पांढरा नमदा, म्हणजे लोकर थापून केलेले जाड कापड, उलगडण्यात आला, तेव्हा त्याची चाळण झालेली होती. त्याची विधवा उलजान हिने सारा दोष सून बुरमावर टाकला. निवाड्याला वस्तीचे म्हातारे पंच सादिरबाबा बसले.

प्रश्न एवढाच होता: हे काम लोकर खाणाऱ्या कसरीचे की उंदराचे? कसर लागली असेल, तर सुनेने उन्हाळ्यात नमदा उन्हात टाकून झोडपला नाही. अशा सुनेला माहेरी धाडतात आणि तिचे मूल ठेवून घेतात. उंदीर असेल, तर दोष उलजानचा, कारण गुंडाळीत जवाच्या पिठाची पिशवी तिनेच दडवली होती.

कसरीचा पतंग स्वतः काही खात नाही. त्याची अळी लोकर वरवर खरवडते आणि मागे रेशमी जाळी ठेवते. उंदीर आरपार कुरतडतो आणि लेंड्या टाकतो. या दोहोंत गल्लत करायला आंधळेपणच लागते, आणि सादिरबाबांना दिसत नव्हते.

"सूनबाई, कोणी खाल्लं?"

"शेपटीवाल्यानं, बाबा."

"अगं बाई! कोल्हा आला होता का नमदा चावायला?" उलजान म्हणाली. माणसे हसली.

"तो करडा... बिळातला..."

"कसरही करडीच असते!" उलजानने मांडीवरच्या नातवाला घट्ट धरले.

"आडून बोलू नकोस, पोरी. साक्ष आहे ही. धड नाव घे."

बुरमाला ते नाव घेता येईना. आमच्यात सून सासऱ्याचे नाव उच्चारत नाही. ते एखाद्या वस्तूचे किंवा प्राण्याचे असेल, तर त्या वस्तूचा, प्राण्याचा उल्लेखही ती आडवळणानेच करते. आणि आमच्या भाषेत चिचकान म्हणजे उंदीर. आधीची भावंडे दगावली, म्हणून मृत्यूची नजर चुकवायला आईबापांनी त्याला हे हलके नाव दिले होते. बुरमाच्या नवऱ्याने तो शब्द उच्चारला असता तरी भागले असते. तो आईच्या तोंडाकडे पाहत राहिला.

मूल बुरमाकडे झेपावले. उलजानने त्याला मागे ओढले.

"चिचकान!" बुरमा किंचाळली. "चिचकाननं खाल्लं!"

कोणी हसले नाही. सादिरबाबांनी नमदा मांडीवर ओढला, चाचपला, भोकातून बोट आरपार घातले.

"उंदरानंच खाल्लाय. त्यात सुनेचा दोष नाही," ते म्हणाले. "पण मेलेल्या सासऱ्याचं नाव तिनं त्याच्याच घरात घेतलं. तिला माहेरी पाठवा. पोर इथंच राहील."