एका बैलाचा चरक

हंबीरराव निकमांच्या वकिलीला सातारकर हसत. बांधावरून डोकी फुटणाऱ्या मुलखात हे गृहस्थ सांगलीच्या जोगळेकरांना भागीदार घेऊन फक्त पेटंटचे दावे लढवणार म्हणे! दोघांत मिळून एक टेबल, आणि त्यावरही बहुतेक वेळा धूळच. पण जोतीरामचा दावा आला आणि हसणारे गप्प झाले, कारण समोर मुंबईची बडी कंपनी होती.

जोतीराम शिराळ्याकडचा शेतकरी. एकाच बैलाला ओढवेल असा उसाचा चरक त्याच्या पोरानं, कृष्णातनं घडवला होता. जोगळेकरांनी कलकत्त्याच्या पेटंट कचेरीला अर्ज पाठवून त्याला पेटंट मिळवून दिलं. पुढं पोरगा फौजेत गेला आणि इटलीत पडला. इकडं कंपनीनं तसाच चरक ओतून बाजारात आणला, वर स्वतःचं नाव घातलं.

"दुसरं कायबी नगं, वकीलसायेब," जोतीराम म्हणाला होता. "त्येच्या चरकावर त्येचं नाव यीऊ द्या. त्येची राख बी गावाला आली न्हाई." त्या दिवसापासून हंबीररावांना अन्न गोड लागत नव्हतं.

कायद्याची एक खोड होती. अर्जाआधी वस्तू चारचौघांत वापरली गेली, की ती नवी राहत नाही, पेटंट मोडतं. म्हणून हंबीररावांनी विचारून घेतलं होतं, "अर्जाआधी हा चरक घडताना कुणी पाहिला का?"

"कोन बगनार? गोठ्याचं दार लावून करायचा त्यो."

उत्तर खरं होतं. घडल्यावर काय झालं, ते वकिलांनी विचारलंच नाही, आणि तिथंच माशी शिंकली. गुऱ्हाळ लागलं की आल्यागेल्याला रस पाजायचा, अडलेल्याला चरक द्यायचा, नाही म्हणणं पाप, हे उसाच्या रानात वाढलेल्या हंबीररावांना काय ठाऊक नव्हतं? पण काळा कोट चढला की माणसाला घरचं आठवत नाही.

कंपनीचा बॅरिस्टर पोचलेला. कोर्टात त्यानं कायद्याचं नावच काढलं नाही, थेट बापाच्या काळजाला हात घातला. "तुमचा मुलगा साधा शिपाई. हे यंत्र त्यानं कुणाचं तरी चोरलं असणार."

"चोरलं?" जोतीराम पिंजऱ्याच्या कठड्यावरून पुढं झुकला. "आवं, साऱ्या गावाला इचारा! अर्जाच्या आदल्या साली अख्ख्या गावानं त्याच चरकावर ऊस गाळलाय. माज्या पोरानं कुनाला न्हाई म्हटलं न्हाई!"

"आदल्या साली? नक्की?"

"देवाची आन!"

बॅरिस्टर शांतपणे खाली बसला. जोगळेकरांनी डोळे मिटून घेतले. जोतीराम मात्र छाती काढून पिंजऱ्यातून उतरला.

"कसा गप केला त्येला! जितलो न्हवं?" बाहेर आल्या आल्या त्यानं विचारलं. हंबीररावांना वाटलं, आजचा दिवस तरी म्हाताऱ्याला हसू द्यावं. पण परक्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. त्यांनी त्याला लिंबाखाली बसवून सगळं सांगितलं.

"म्हंजी, लोकांस्नी चरक दिला ही त्येची चूक?"

"चूक नाही, बापू. कायदा तसा आहे."

"आन् मी गप बसलो असतो तर?"

"तरी हरलोच असतो," जोगळेकर घाईनं म्हणाले. हंबीररावांनीही मान हलवली, पण त्यांना त्याच्याकडं बघवेना.

"तुमी लय भली मानसं हायसा," जोतीराम म्हणाला. "पर जर्मनानं एकदा मारला त्येला. आज मी मारला." आणि तो तोंडात पटका कोंबून रडला. हंबीररावांचेही डोळे भरून आले.

तेवढ्यात जोतीरामची साक्ष ऐकायला आलेले गावकरी कोर्टातून धावत आले. सगळ्यांच्या पुढं त्याचा शेजारी कोंडीबा. "वकीलसायेब, आमची बी साक्ष घ्या! आमी समद्यांनी त्यावर ऊस गाळलाय!"

जोतीरामनं घाईघाईनं डोळे पुसले आणि हंबीररावांचा हात घट्ट धरला.

"ह्येस्नी सांगू नगा, सायेब," तो हळूच म्हणाला. "न्हाईतर गावात पुन्हा कुनी कुनाला चरक देनार न्हाई."