वेइक्कोंच्या नावाचं कुलूप

आमच्या तलाव संशोधन केंद्राच्या मशीनमध्ये, म्हणजे मोजमापं साठवणाऱ्या मोठ्या संगणकात, घरबसल्या शिरायला शुक्रवारी दुपारी तीनपासून पासवर्ड चालणार नव्हता. प्रत्येकाने आपल्या संगणकावर लांबलचक अक्षरांच्या कुलूप-किल्लीची एक जोडी बनवायची: कुलूप मला पाठवायचं, किल्ली स्वतःकडे ठेवायची. कुलूप जगाने पाहिलं तरी बिघडत नाही. एवढं सोपं सांगूनही दोन प्राध्यापकांनी मला किल्लीच पाठवली. कपाळावर हात मारून मी त्यांना नवी जोडी करायला लावली.

काही कुलपं पूर्वीपासूनच लागलेली होती. यादीत एकेका ओळीवर एकेक, शेवटी मालकाने घातलेलं नाव. जो नोकरीत नाही त्याची ओळ पुसायची, असा आमच्या साहेबांचा, ओलावींचा हुकूम होता. एका ओळीशेवटी ‘वेइक्को’ होतं. वेइक्को हिर्वोनेन नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माझ्या आधी हे मशीन तेच बघायचे. मी ती ओळ पुसणारच होते, पण सहज नोंदी चाळल्या आणि चाट पडले. हे गृहस्थ रोज सकाळी पावणेसहाला आत येत होते.

मला काही चैन पडेना. एवढं काय नेतात? बघितलं, तर एकच आकडा वाचायचा, सरोवरावरच्या बर्फाची जाडी, आणि निघून जायचं. मासे धरायला जात असतील म्हणावं, तर रोज?

गुरुवारी फोन केला. वेइक्को म्हणाले, त्यांची बायको केर्त्तू रोज स्की लावून पलीकडच्या काठाला जाते, अंथरुणाला खिळलेल्या बहिणीला जेवू घालायला. बर्फावरून तीन किलोमीटर, रस्त्याने चाळीस, आणि गाडी चालवणारं घरात कुणी नाही.

“एप्रिल आहे,” ते म्हणाले. “बर्फ आतून सडायला लागलंय. आकडा तीस सेंटिमीटरच्या खाली गेला की मी तिला सोडत नाही.”

आता ती ओळ पुसायला माझा हात धजेना. ओलावींशी जाऊन भांडले. किल्लीला एकच काम नेमून देता येतं, म्हटलं. आकडा दाखवायचा आणि दार लावून घ्यायचं, बाकी कशाला हात नाही. कॉफी संपेपर्यंत विचार करून ते बरं म्हणाले. फक्त वेइक्कोंचं कुलूप जुन्या धाटणीचं होतं, ते नव्या व्यवस्थेत चाललं नसतं. तीनच्या आत नवं पाठवा, असं मी त्यांना कळवलं.

शुक्रवारी अडीच वाजले तरी पत्ता नाही. पावणेतीनला एकदाचं आलं, तर ओळीशेवटी नाव ‘केर्त्तू’. मशीनला नावाशी देणंघेणं नसतं, पण मला राहवेना. फोन लावला. केर्त्तूनेच उचलला आणि आवाज खाली आणला.

“ते सौनाची वाफेची न्हाणी तापवायला गेलेत, म्हणून सांगते. दोन वर्षं झाली, त्यांना अक्षर दिसत नाही. मीच आत शिरते, मीच आकडा वाचून दाखवते. मग ते म्हणतात, जा.”

“म्हणजे तुम्हाला आधीच कळतं?”

“कळतं की. आज अठ्ठावीस होता. तिकडे बहीण माझी वाट बघत होती. बत्तीस म्हटलं असतं, तर त्यांना काय कळणार होतं?” ती थांबली. “पण खोटं वाचवेना गं. अठ्ठावीसच सांगितला.”

तीनच्या आत तिचं कुलूप लावलं, वेइक्कोंची ओळ पुसली.

शनिवारी पावणेसहाला मी नोंदींसमोर बसूनच होते. केर्त्तू आत आली, आकडा वाचला, निघून गेली. सव्वीस. मी गाडी काढली आणि तिला बहिणीकडे न्यायला निघाले.