संडासाचं व्याज

व्याज हराम, हे आमच्या सौदीतल्या हुफूफच्या कोकणी जमातीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण रत्नागिरीच्या खासगी बँकेतली एफडी मोडायला कोणाच्या बापाची तयारी नाही. मग तोडगा काढला: व्याज आपण खायचं नाही, वर्षाअखेरीस गोळा करून गावच्या मशिदीचे संडास बांधायचे. सात वर्षांत तीनदा बांधले. गावात नळाला पाणी नाही, संडासाला इटालियन टाइल्स.

जमातीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, हुसेनमियाँ, तांदळाचे ठोक व्यापारी. अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून यांनी गेल्या साली बँक बदलली. मी विचारलं, "चाचा, खायचं नाही तर अर्ध्या टक्क्यासाठी एवढी वणवण?"

"गावाचंच भलं, बाबा," म्हणाले.

परवा जुम्म्यानंतर त्यांच्याकडे बैठक होती. दाभोळचा शारीक आला, प्लंबर. त्याचा कफील, ज्याच्या नावावर व्हिसा असतो तो मालक, कंपनी बंद करून पळाला; इकामा, राहायचा परवाना, कधीच संपलेला. नवा कफील मिळाला होता, पण इकाम्याची मागची थकलेली फी नऊ हजार रियाल, म्हणजे दोनेक लाख रुपये. सोमवारपर्यंत भरले नाहीत तर तो दुसरा माणूस घेणार, आणि शारीकला पोलीस पकडून घरी पाठवणार. गावी चार तोंडं त्याच्यावर.

"व्याजाच्या पैशातनं द्या," तो म्हणाला. "सहा लाख रुपये पडलेत."

"तौबा! आपल्याच पोराला हराम खिलवू?"

"संडासाला चालतं ते?"

"संडास नमाज पढत नाही."

सगळे फिदीफिदी हसले. शारीक म्हणाला, "मीही कुठं पढतो, चाचा? द्या."

मी म्हटलं, अडलेल्या माणसाला हे पैसे देता येतात, कुठल्याही मौलवीला विचारा. "तू मौलवी कधी झालास? पिकअप चालव," हुसेनमियाँ म्हणाले. मग दाढीवरून हात फिरवून शारीकला म्हणाले, "मी आहे ना. तुझं ड्रिल, पाइप कापायचं मशीन, सगळं मी नऊ हजारांत रोख घेतो. आणि लगेच तुलाच साडेअकराला विकतो, बारा हप्त्यांत. हा व्यापार झाला. एकदम हलाल."

"सुभानल्ला," कोणीतरी म्हणालं. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

"आणि हप्ता चुकला तर?" शारीकने विचारलं.

"दंड. पण तो मी घरात घेणार नाही हां. संडासाला."

हत्यारं बाहेर शारीकच्या डिकीत होती. ती कोणी उतरवली नाहीत, बघितलीसुद्धा नाहीत. दोन कागद झाले, एक खरेदीचा, एक विक्रीचा. साक्षीदार हवा होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"नको करू," मी शारीकला म्हटलं.

"तुझ्याकडे आहेत नऊ हजार?"

नव्हते. मी सही केली, दोन्ही कागदांवर. शारीकने नोटा मोजल्या, खिशात घातल्या आणि हुसेनमियाँच्या हाताचं चुंबन घेतलं.