परत परत लावलेला कौल

गौरवीला त्या रविवारी घरी धड बसवत नव्हतं. नार्व्याला, गावी, बसमधून उतरल्यापासून तिच्या स्वयंपाकघर ते अंगण अशा येरझाऱ्या चालल्या होत्या, आणि आई समोर आली की ती फोनमध्ये डोकं खुपसत होती.

पणजीकडच्या एका प्रयोगशाळेत ती मायक्रोआरएनएच्या जनुकांवर काम करायची. ही जनुकं पिटुकली. त्यांचं काम एवढंच, की दुसऱ्या जनुकांना आवरायचं. घरात कोणाचा आवाज चढला की 'हळू' म्हणणारं एक माणूस असतं ना, तसं. ते माणूसच गप्प झालं की पेशी मोकाट वाढत सुटतात. आणि त्यातले काही मायक्रोआरएनए तर उफराटे, ते वाढले की आवरणाऱ्यांचंच तोंड दाबतात. स्तनाच्या कर्करोगात ही उलथापालथ रक्तात दिसते का, ते गौरवीला पाहायचं होतं. तुलनेसाठी निरोगी बायका हव्या होत्या. तिची आई विनोदिनी आपण होऊन पुढे आली. "काही दुखणं नाही ना?" लेकीने विचारलं. "नाय गो," आई म्हणाली.

नळीवर नाव नसतं, नुसता क्रमांक. पण आईच्या नळीवर तो गौरवीनेच घातला होता, आणि नेमकी तीच नळी रुग्णांच्या आकड्यांत जाऊन बसली.

रक्त आणताना हिंदकळलं, तांबड्या पेशी फुटल्या, की आकडे बिघडतात. हे खरंच आहे. नुसत्या एवढ्यावरून कोणाला कर्करोग ठरवत नाहीत, हेही खरं. म्हणून गौरवीने तपासणी परत लावली. उत्तर तेच. मग रसायन बदलून लावली, मशीन बदलून लावली. शेवटी नळी कोरडी पडली, उत्तर काही बदललं नाही. तोवर दर रविवारी घरी येऊन, आईच्या हातची माशांची हुमण-कडी ओरपून ती काही न बोलता परत जात होती. एवढी शिकलेली पोर, पण भीतीपुढे शिक्षण काय करणार!

वडिलांना, गोकुळदासना, देवळात जायचं होतं. घरात जीव रमेना म्हणून तीही गेली. शेजारचा बाबली विहिरीच्या जागेसाठी कौल लावून बसला होता. देवाच्या अंगावर चिकटवलेल्या ओल्या पाकळ्यांपैकी डावीकडची पडली, म्हणजे नकार. बाबलीचं तोंड उतरलं. "परत लावया," तो म्हणाला.

"उत्तर पडला मरे," पुजारी वैतागला. "तुका आवडाक नाय म्हणान देवान कितीदा सांगूचा?"

गौरवीचे कान तापले. वडिलांना तिथेच सोडून ती तरातरा घरी आली.

आई आदोळीवर बसून नारळ खवत होती. "आई, तुझं रक्त परत हवंय."

"कित्याक?"

"मागचं संपलं. त्यात काहीतरी दिसलं होतं. चूकही असेल. पण तुला डॉक्टरकडे न्यायला हवं."

आईचा हात थांबला. तिने तो पदराला पुसला आणि डाव्या काखेखाली नेला. "हंयसर गाठ लागता."

"कधीपासून?"

"तू रक्त घेतलंस, त्याच्या आदी."

"मग तेव्हा का नाही बोललीस?" गौरवी ओरडलीच.

"भियालंय. म्हटलंय, रक्तात काय आसला तर तू, माझा चेडू, सांगतलंस." आई शांतपणे म्हणाली. "तू दर आयतारी येवन जेवन गेलंस, काय बोलाक नाय. तेवा समाजलंय, सगळा बरा आसा. देवाक कित्याक त्रास? माझो कौल मी तुकाच लावलेलंय."

गौरवीला रडू फुटलं, आणि त्या रडण्याचीही तिला चीड आली. किती रविवार गेले होते!

"उद्या जावया," आई म्हणाली. "आधी जेव."

"आत्ता," गौरवी म्हणाली, आणि तिने आईच्या हातातली नारळाची कवड काढून घेतली.