टबाचा पांढरा

पांढरा रंग किती प्रकारचा असतो, हे आपण कुणाला विचारायला जात नाही. दातवाले न विचारताच सांगत. सोळा प्रकारचा. आणि समोरच्याने जांभई दिली नाही, तर सोळाच्या सोळा छटा असलेली पट्टी खिशातून काढून दाखवत. दातवाले म्हणजे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर तोंडाची मापं पाठवायचे आणि हे घराच्या खालच्या खोलीत बसून कवळ्या बनवायचे. चाळीस वर्षं हेच काम केल्यामुळे गल्लीतले लोक त्यांचं खरं नाव विसरून गेले होते, आणि त्यांनाही ते कुणी घेतलं की क्षणभर मागे वळून पाहावंसं वाटायचं.

बुधवारी सकाळी हे गृहस्थ बाथरूममधल्या कोरड्या टबात गुडघे टेकून बसले होते आणि दातांची ती पट्टी टबाच्या तळाला लावून पाहत होते. टबाचा पांढरा सोळांपैकी एकाशीही जुळेना. बावीस वर्षांचा फायबरचा टब. त्यात साबण मुरला होता, पाणी मुरलं होतं. रंग तिसऱ्या आणि चौथ्या दातांच्या मधला, वर किंचित राखाडी. करता येईल, त्यांनी ठरवलं. शनिवारी दुपारी चिमी यायच्या आत करायलाच हवं होतं.

चीर वीतभर लांब होती. पाणी जायच्या जाळीपासून सुरू होऊन बरोबर उजवा पाय पडतो तिथपर्यंत आलेली. आठ महिन्यांपूर्वी ती केसाएवढी होती, तेव्हा बायको म्हणाली होती, "अहो, टबाला चीर गेलीय. पाय ठेवला की खाली दबतं."

"बघतो," दातवाले म्हणाले.

'बघतो' म्हणणाऱ्या नवऱ्याला बघायचं नसतं, हे बायकोला पस्तीस वर्षांच्या संसारात पुरतं कळून चुकलं होतं. तरी ती सांगत राहिली. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही, भाजी संपली हे जसं सांगावं तसं. लोकांच्या कवळीला तडा गेला तर रात्रीचा दिवस करणारा हा माणूस घरच्या चिरेकडे मात्र सरळ कानाडोळा करत होता. पुढे चिरेची कड वर आली आणि तळव्याला टोचायला लागली. ते तिने सांगितलं, तेव्हा दातवाले बाजारातून रबरी चटई घेऊन आले. "तोवर हे टाक," म्हणाले. तिने टाकली.

तीन आठवड्यांपूर्वी मंगळवारी ती टबात उतरली, तळ दबला, चटई सरकली. दातवाले स्वयंपाकघरातून धावत गेले तेव्हा ती शुद्धीवर होती. डोकं टबाच्या काठाला टेकलेलं. "काही नाही हो, चटई सरकली," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. दुपारी दोन वाजता हॉस्पिटलात तिने प्राण सोडला. डॉक्टरांनी विचारलं, कशा पडल्या? दातवाले म्हणाले, "चक्कर आली असावी. बीपीच्या गोळ्या चालू होत्या." वाक्य आपसूक तोंडातून निघालं. कुणाला शंका आली नाही. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि विषय मिटला.

तेच वाक्य त्यांनी चिमीला फोनवर सांगितलं. चिमी, त्यांची एकुलती एक मुलगी, दूरच्या शहरात नोकरीला. आदल्याच दिवशी तिच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं, टाके ओले, त्यामुळे तिला आईचं तोंडही बघायला मिळालं नाही. आता ती महिनाभर राहायला येत होती. आणि चिमी आईसारखी नव्हती. आई शंभरदा सांगायची, चिमी एकदाच बोलायची. एका खोट्या बोलण्यावरून तिने सख्ख्या मामाशी संबंध तोडला होता, त्याला अकरा वर्षं झाली. एका लग्नात तो समोर आला तर ती ताट घेऊन दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. तिला हे कळलं, तर ती या घराची पायरी पुन्हा चढणार नाही, हे दातवाल्यांना लख्ख दिसत होतं. आपलं म्हणावं असं तेवढं एकच माणूस त्यांना उरलं होतं.

बाकी त्यांना काहीच वाटत नव्हतं. दाढ काढायच्या आधी सुई टोचली की गाल आपला राहत नाही, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. भेटायला येणारे म्हणत, दातवाले धीराचे हो. दातवाले मान हलवत. जेवत होते, झोपतही होते. फक्त तीन आठवडे त्यांनी अंघोळीला टबात पाय ठेवला नव्हता. बेसिनपाशी उभं राहून पंचा ओला करून अंग पुसून घेत होते. चटई त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दोन गल्ल्या पलीकडच्या कचऱ्याच्या पेटीत टाकून दिली होती.

तर बुधवारी काम सुरू झालं. आधी टब स्पिरिटने पुसून काढला. काठावर शॉवरची मूठ पडून दोन टवके उडाले होते, ते त्यांनी सरावासाठी आधी भरले. मग चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं. असं भोक पाडलं की चीर पुढे पळत नाही, तिथेच थांबते. हे त्यांना कवळ्यांमुळे ठाऊक होतं. म्हणजे आठ महिन्यांपूर्वी हे काम पाच मिनिटांचं होतं. हेही त्यांच्या लक्षात आलं, आणि ते पुढच्या कामाला लागले.

टबाच्या तळाखाली पोकळी होती, म्हणून तो दबत होता. नुसती चीर भरली असती तर महिन्याभरात पुन्हा उघडली असती. दुकानातून आणलेला फेस त्यांनी नळीने भोकातून खाली सोडला. हा फेस फुगतो आणि मग दगडासारखा घट्ट होतो. फुगताना त्याने तळ वर उचलू नये म्हणून टबात पाण्याच्या सहा बादल्या ठेवायच्या. घरात दोनच होत्या. चार मागायला ते समोरच्या वहिनींकडे गेले.

"एवढ्या बादल्या कशाला हो?" वहिनी म्हणाल्या. "पाणी जाणार आहे की काय? आम्हाला कुणी सांगितलंच नाही!"

"नाही, नाही. टबात ठेवायच्यात."

"टबात बादल्या?" वहिनींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पाचवीही काढून दिली. एकट्या पडलेल्या माणसाचं डोकं कधीतरी असं चालायचंच, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. संध्याकाळपर्यंत त्या पाण्याच्या टाकीत डोकावून आल्या, तो भाग वेगळा.

गुरुवारी त्यांनी खालच्या खोलीतून आपलं छोटं यंत्र वर आणलं. दात कोरायचं. त्याने चिरेच्या कडा दोन्ही बाजूंनी तिरप्या कोरल्या, आत काचेच्या धाग्यांची जाळी बसवली, वर राळ ओतली. राळेत कडक करणारं औषध थेंब मोजून घालायचं असतं. जास्त झालं तर भेग पडते, कमी झालं तर चिकट राहते. दातवाल्यांचा हात थरथरला नाही. सबंध घरात कारखान्याचा वास सुटला, म्हणून त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या.

शुक्रवारी पॉलिश कागद. आधी खरखरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ, पाणी लावून गोल गोल. मग रंग. पांढऱ्यात पिवळ्याचा ठिपका, तपकिरीचा त्याहून लहान ठिपका, सुईच्या टोकावर राहील एवढा काळा. खिडकीच्या उजेडात पाहिलं, दिव्याच्या उजेडात पाहिलं. तीनदा पुसून पुन्हा लावला. शेवटी कवळ्यांना चमक आणायची भुकटी घेऊन फडक्याने घासलं. उठून दोन पावलं मागे आले तर चीर कुठे होती हे त्यांनाही चटकन कळेना. चाळीस वर्षांतलं सगळ्यात चांगलं काम, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. त्याचा आनंद झाला नाही आणि लाजही वाटली नाही.

चिमी शनिवारी दुपारी आली. वाळली होती. दारातच तिने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि खूप वेळ तशीच उभी राहिली. दातवाल्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, फिरवायचा असतो म्हणून. मग ती म्हणाली, "बाबा, आधी अंघोळ करते. प्रवासाने अंग आंबून गेलंय."

"कर. गरम पाणी आहे. मी चहा टाकतो."

बाथरूमचं दार लागलं. दातवाले चहाचं पातेलं हातात घेऊन ऐकत राहिले. पाण्याचा आवाज यायला हवा होता, तो बराच वेळ आला नाही. मग आला, थोडा वेळ चालला, थांबला. त्यांनी साखर दोनदा घातली.

चिमी बाहेर आली ती डोक्याला टॉवेल गुंडाळून, रडून डोळे लाल करून. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली.

"बाबा, तुम्हाला एक सांगायचंय. रागावू नका."

"सांग ना."

"आई मला दर रविवारी फोनवर सांगायची. टबाला चीर गेलीय, पाय दबतो, तुझे बाबा नुसतं बघतो म्हणतात. दर रविवारी, बाबा. मी हॉस्पिटलात पडल्या पडल्या एकच डोक्यात घेतलं होतं. चक्करबिक्कर काही नाही. आई त्या चिरेवर पाय पडून पडली, आणि तुम्ही ते माझ्यापासून लपवताय. तीन आठवडे रोज तुमच्याशी बोलत होते ना, तेव्हा सारखं हेच मनात. मी ठरवूनच आले होते. आधी टब बघायचा, चीर दिसली तर बॅग उघडायची नाही, तशीच परत जायचं."

दातवाले पातेल्याकडे बघत होते. चहा वर येत होता.

"आत्ता बघितलं. हात फिरवला, नख फिरवलं, जाळीपासून सगळीकडे. काही म्हणजे काही नाही. तुम्ही केव्हाच भरली होतीत, आणि मी वेड्यासारखी स्वतःच्या बापाला..." तिने त्यांचा हात धरला आणि त्यावर कपाळ टेकलं. "मला माफ करा, बाबा."

चहा उतू गेला. दातवाल्यांनी दुसऱ्या हाताने गॅस बंद केला. सगळं मार्गी लागलं होतं, त्यांनी योजलं होतं त्याहून चांगलं. आता फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं त्यांना तीन आठवडे छान जमलं होतं. चिमी इथे राहणार होती. महिनाभर, कदाचित पुढच्या वर्षीही.

चिमीने डोळे पुसले, नाक ओढलं आणि जराशी हसली. "आईचीही ना, कमालच होती! झालेल्या कामाची तीच ती रड. उगीच आपलं काहीतरी सांगत बसायची."

दातवाल्यांना ते वाक्य लागलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी लागलं, आणि इतकं जोरात, की त्यांनी ओट्याची कड धरली. ती उगीच सांगत बसणारी बाई नव्हती. आठ महिने ती खरं सांगत होती, न चिडता, आणि टबात पडल्यावरही खरंच सांगत होती. आता या घरात तिच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं.

"उगीच नव्हती सांगत," ते म्हणाले.

"अं?"

"चीर परवा भरली मी."

चिमीचा हात त्यांच्या हातावर होता, तो तसाच राहिला. तिला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि तिने हात काढून घेतला.

"चक्कर नव्हती," दातवाले म्हणाले. आता थांबता येईना. "चटई सरकली. तिनेच सांगितलं मला. चटई मी आणलेली, चिरेवर टाकायला. पाच मिनिटांचं काम होतं, चिमे. पाच मिनिटांचं."

चिमीच्या डोक्याचा टॉवेल सुटून खांद्यावर आला, तो तिने सावरला नाही. शेवटी उठली आणि म्हणाली, "दाखवा."

"काय?"

"कुठे होती ती. मला बघायचीय."

दातवाले बाथरूममध्ये गेले, ओल्या टबात गुडघे टेकून बसले. जाळीपासून उजवीकडे बोट ठेवलं. तिथे नव्हती. जरा वर ठेवलं. नख फिरवलं, तळवा फिरवला, गाल टबाला लावून उजेडाच्या दिशेने पाहिलं. सगळीकडे तोच पांढरा, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधला, वर किंचित राखाडी. ती जिथे पडली ती जागा त्यांच्या हाताला लागेना. त्यांनी पुन्हा जाळीपासून सुरुवात केली, आणि मध्येच त्यांना रडू फुटलं. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, तिला नेलं तेव्हा यायला हवं होतं तसं.

"सापडत नाही गं," ते म्हणाले.

चिमी दारात उभी होती. तीही रडत होती, पण पुढे आली नाही. बॅग तिच्या मागे तशीच बंद होती.

"शोधा," ती म्हणाली.