सहीआधीचा शुक्रवार

"चालतंय म्हणजे कुठे चालतंय?" इर्मेलीने विचारलं. तळहाताएवढं यंत्र ती असं उलटंपालटं करत होती, जणू कोणी तिच्या गळ्यात शिळा मासा मारतोय.

मी म्हणालो, टेबलावर चालतंय, जिन्यात चालतंय, अजून काय पाहिजे? यंत्र वृद्धाश्रमातल्या नर्सांसाठी होतं. खोलीत एखाद्या आजीने बटण दाबलं की नर्सच्या खिशात ते वाजायचं. गजराचा प्रोग्राम जुन्या प्रणालीचा, यंत्र नव्या प्रणालीचं. त्या प्रोग्रामला आपण आपल्याच घरी आहोत असं भासवणारा मधला थर मी दोन वर्षं खपून लिहिला होता. इर्मेलीची सही झाली की यंत्रं रवाना. नाही झाली, तर औलू शहरातलं आमचं ऑफिस बंद.

इर्मेली कोक्कोनिएमी तीस वर्षं चाचणी विभागात होती. ताकही फुंकून पिणारी बाई. तिचं नाव कपातीच्या यादीत आधीच लागलं होतं, त्यामुळे जाता जाता ही आम्हालाही बुडवणार, असं मला वाटायचं. मी ते तोंडावर बोललो.

"शुक्रवारी नर्स कुठे असते, ते विचारलंस का?" एवढंच ती म्हणाली.

शुक्रवारी आश्रमातल्या म्हाताऱ्यांचा सौना, म्हणजे गरम खोलीतलं वाफेचं स्नान, असतो. तळघरात, युद्धकाळी बॉम्बपासून लपायला बांधलेल्या आसऱ्याला लागून, हातभर जाड भिंतींच्या आड. घरोघरी सौना असलेली आम्ही माणसं, पण तो एकालाही सुचला नव्हता, कारण सौनात कोणी फोन नेत नाही. नर्सला मात्र हे यंत्र न्यावंच लागतं.

आम्ही यंत्र घेऊन तिथे वीस मिनिटं बसलो आणि वर आलो. पडद्यावर 'जोडलेलं आहे' असा हिरवा ठिपका होता. नऊ नंबरच्या खोलीत इर्मेलीने आजींना विचारून बटण दाबलं. माझ्या हातातलं यंत्र गप्प.

"पुन्हा दाब," मी म्हणालो. तिने तीनदा दाबलं.

"येतंय का कोणी?" आजींनी विचारलं.

संपर्क तुटला की माझा थर बॅटरी वाचवायला जुन्या प्रोग्रामला झोपवत होता आणि उठवायचं विसरत होता. दुरुस्तीला दोन महिने हवे होते. गिऱ्हाईक थांबलं नाही, आणि ऑफिस बंद करायचं ठरलं. इर्मेलीने सही केली नाही. अहवालात तिने दोष लिहिला, माझं नाव लिहिलं नाही. मीही गप्प राहिलो, त्याची लाज अजून वाटते.

आमच्याकडे निरोपाचा केक जाणाऱ्यानेच आणायचा असतो. तिने आणला. म्हातारीच्या हट्टापायी आपली नोकरी गेली म्हणून कोणी टेबलाजवळ फिरकेना. ती सुरी धरून एकटीच उभी होती.

मी बशी उचलली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "चूक माझ्या थरात होती. हिने सही केली असती, तर कुणीतरी मेलं असतं."

इर्मेलीने मान वर केली नाही. माझ्या बशीत एक तुकडा वाढला आणि पुढच्या माणसासाठी दुसरा कापायला घेतला.